आईने पडद्यावर पाहिलेलं ऊन

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (पाय अजून इतके लटपटतायत की उभ्याने करण्यापेक्षा साष्टांगच सोपा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या मातोश्री, खुब्याचं हाड मोडून इस्पितळात आहेत. घाबरू नका, ऑपरेशन नीट झालं. घाबरायचं ते पुढे आहे.

सोमवारी सकाळी रुग्णांना आणणाऱ्या हेलिकॉप्टरवर माझी ड्यूटी होती. टेकडीवरच्या वस्तीत एक बाई न्हाणीघरात घसरल्याचा निरोप आला. पत्ता वाचला आणि हातातला कप खाली पडला. पत्ता आपल्याच घराचा! (दुसरा पायलट हजर नव्हता, नाहीतर आईला घेऊन उडायचं धाडस मी केलं असतं का? ती स्कूटरवर मागे बसूनसुद्धा मला ब्रेक दाबायला सांगते.)

आमच्या हेलिकॉप्टरात हल्लीच एक नवा पडदा बसवलाय. धुक्यात बाहेरचं काही दिसेना झालं, तरी तो साठवलेल्या नकाशावरून डोंगर, दरी, नदी सगळं रंगवून दाखवतो. डोंगर फार जवळ आला की लाल होतो. आईचं स्ट्रेचर माझ्या शेजारीच, त्यामुळे पडदा तिला सरळ दिसत होता. अर्ध्या वाटेत धुक्यानं आम्हाला गिळलं. आई मात्र खूश. "काय लख्ख ऊन पडलंय रे!" मग तिनं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर दुधासारखं पांढरंफटक. "म्हणजे तू टीव्ही बघत चालवतोयस?" अशी किंचाळली की मागे बसलेल्या डॉक्टरबाईंच्या हातातून सलाइनची बाटली सुटली. (हाड मोडलं तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं, बरं का.)

मी समजावून सांगितलं. तिला पटलं, आणि तिथंच घात झाला, कारण पटल्यावर पायलट तीच झाली. "अरे लाल होतंय, वळ! डावीकडे!" मी आधीच वळत होतो, पण श्रेय तिनं घेतलं.

इस्पितळ आलं. पडद्यावर गच्ची अगदी मोकळी, जणू आत्ताच कुणी झाडून काढलीय. बाहेर मात्र काही म्हणजे काही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्तदाब उतरतोय, लवकर करा. आईचा आवाज आता खोल गेला होता. "दिसतेय ना गच्ची? उतर की." मामा, उतरवायच्या दांड्यावरचा माझा हात खाली जायला लागला होता. पण आमचा नियम आहे, शेवटी डोळ्यांना दिसलं तरच उतरायचं, चित्राच्या भरवशावर नाही. मी मागे फिरलो. दरीच्या तोंडाशी एक खेळाचं मैदान धुक्यातून सुटलेलं दिसलं, तिथं उतरवलं आणि पुढे तिला गाडीनं नेलं. हिला काही झालं तर आपण नियम कुणाला सांगणार, एवढंच त्या रस्ताभर डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी धुकं गेल्यावर इस्पितळाच्या गच्चीवर गेलो. शेजारच्या बांधकामावर रविवारी संध्याकाळीच क्रेन उभी केली होती, आणि तिचा लांबलचक हात बरोब्बर आमच्या उतरायच्या वाटेवर! आम्हाला कळवायचं राहून गेलं म्हणे. नकाशाला बिचाऱ्याला काय माहीत?

तुमचा,
भाचा

ता. क. आई वॉर्डात सगळ्यांना सांगतेय, मुलगा घाबरला आणि मला भर मैदानात टाकून आला. शुक्रवारी घरी सोडणार आहेत. ती हेलिकॉप्टरनंच जाणार म्हणते, तेही पुढच्या सीटवर. ती फक्त तुमचं ऐकते, तेव्हा गाडी घेऊन या. आणि क्रेनचं तिच्यापुढे चुकूनही काढू नका.

आणखी ता. क. चहा आणायला गेलो तेवढ्यात तिनं हे पत्र वाचलं. क्रेनपर्यंत आली आणि गप्प झाली. तेव्हापासून माझं मनगट घट्ट धरून बसलीय, एक शब्द नाही (हे डाव्या हातानं लिहितोय, अक्षराला हसू नका). मामा, तुम्ही तरी तिला इतका वेळ गप्प कधी पाहिलंय का? शुक्रवारपर्यंत थांबू नका. पत्र मिळताच निघा.