तीन चेंडू

प्रिय ठकू,

बरेच दिवस पत्र नाही म्हणून रागावली असशील तर रागाव, तुझा हक्कच आहे. इकडे सगळं ठीक. चष्म्याचं दुकान चाललंय, गुडघा कुरकुरतोय. तुझी वहिनी म्हणते, या माणसाला लोकांची नजर तपासता येते, मन नाही. मी वाद घालत नाही. क्लबानं मला समितीवर घेतलंय, म्हणजे दर गुरुवारी चहा आणि भांडण.

सध्याचं भांडण खालच्या मैदानाचं आहे, तुम्ही मुली सॉफ्टबॉल खेळायचात तेच. तिथं मधोमध मातीचा उंचवटा बांधून ते मुलांच्या बेसबॉलला द्यायचं, असा ठराव आलाय. एकदा उंचवटा आला की मुलींचा खेळ संपला, कारण त्यांची पिचर चेंडू सपाट जमिनीवरून टाकते. त्यांना गाड्या लावतात त्याच्या मागची खडबडीत पट्टी मिळेल. तीन मतं इकडे, तीन तिकडे, सातवं माझं. या गुरुवारी मतदान आहे.

अध्यक्षांचं म्हणणं, मोठा चेंडू, छोटं मैदान, खालून टाकायचं, त्यात अवघड ते काय? मी दोन्हीकडचं मोजून पाहिलं. आमचा पिचर साठ फुटांवर, तुमची त्रेचाळीसवर. तुमचा चेंडू जरा हळू येतो, पण जवळून येतो, त्यामुळे फलंदाजाला वेळ सारखाच मिळतो, पापणी लवते तेवढा. शिवाय वरून येणाऱ्या चेंडूची आम्हाला सवय असते. तुमचा गुडघ्याजवळून सुटतो आणि वर चढतोय असं वाटतं, बॅट त्याच्या खालून निघून जाते. कुठला खेळ जास्त अवघड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मान कुणाला जास्त मिळतो, ते ठरवायला मोजावं लागत नाही. आमच्या सामन्यांना मांडव आणि खुर्च्या असायच्या. तुमच्या सामन्यांना आई असायची, तीही विणकाम घेऊन.

माझी आकडेवारी ऐकून अध्यक्ष हसले. म्हणाले, अहो, तुम्हीच तर सांगितलं होतंत, बहिणीचे तीन चेंडू मुद्दाम हुकवले म्हणून! सगळे हसले. सवयीनं मीही हसलो.

तुला तो दिवस आठवत असेलच. हंगाम संपताना मुलांच्या कप्तानानं मुलींच्या पिचरचे तीन चेंडू खेळायचे, तिन्ही हुकले तर बाद, ही क्लबाची जुनी गंमत. त्या वर्षी कप्तान मी होतो आणि पिचर तू, एकोणीस वर्षांची. तीन चेंडू, तीन वेळा बॅट फिरली, एकदाही लागली नाही. कपडे बदलायच्या खोलीत पोरांनी मला सोलून काढलं. मी म्हणालो, लहान बहीण आहे यार, जरा खूश केली. नाक वाचलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या क्लबात पसरलं, आणि घराच्या पायरीवर बुटाची नाडी सोडता सोडता तू मला विचारलंस, "दादा, खरं सांग. मुद्दाम हुकवलेस?"

मी म्हणालो, "हो गं."

आठ दिवसांनी राज्य संघाची निवड होती. तू गेली नाहीस. आईला सांगितलंस, खांदा दुखतोय. त्याच खांद्यावर सिलिंडर घेऊन तू दोन मजले चढलीस, मी पाहत होतो. पुढे तू दातांच्या कवळ्या बनवायला शिकलीस, उत्तम बनवतेस, सगळे म्हणतात. तू सुखात आहेस हे मला ठाऊक आहे. या विषयावर आपण बावीस वर्षं बोललो नाही. तू विचारलं नाहीस आणि मी ते माझ्या सोयीचं मानलं.

गुरुवारी मी ठरावाच्या विरोधात मत देणार आहे आणि का, तेही सगळ्यांसमोर सांगणार आहे. लोक हसतील, हसू देत. पण ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं, तर मी दुसऱ्यांदा तुझ्याशी तसाच वागलो असं होईल, म्हणून आधी हे पत्र. मी एकही चेंडू मुद्दाम हुकवला नव्हता. जीव तोडून बॅट फिरवली होती, तिन्ही वेळा. तिसरा तर मला दिसलाच नाही. ठकू, तू मला बाद केलं होतंस.

तुझाच,
दादा