कुंडलिक, एकदा तरी जगून दाखव

येडगाव,
२० नोव्हेंबर १९९९

चि. कुंडलिक यास बहिरूदादाचे आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक आहोत. तुझी तब्येत उत्तम असणारच, कारण तुझ्या मागच्या चार पत्रांत घसा, गरम पाणी आणि मफलर यांच्यापलीकडे काही नव्हतं. घसा सांभाळ. आमचे घसे बैलांवर ओरडण्यासाठी आहेत, त्यांना मफलर लागत नाही.

तू जर्मनीत ऑपेरात असतोस, म्हणजे गाऊन केलेल्या नाटकात जाड आवाजाची कामं करतोस, हे गावाला समजावता समजावता माझी दहा वर्षं गेली. नारायणगावचे तमाशाचे तंबू बघत मोठी झालेली माणसं ही. त्यांचा एकच प्रश्न: "बहिरूभाऊ, कुंडलिक कुठल्या फडात हाय? राजाचं काम करतो का सोंगाड्याचं?" (दोन्ही करतो म्हणून सांगतो. तेवढंच लवकर सुटतो.) यंदा चैत्रात जत्रेला मंडळाच्या पोरांनी 'गावचे सुपुत्र' म्हणून तुझी कॅसेट देवळाच्या भोंग्यावर लावली. तू ज्या गाण्यात सुरा लागून मरतोस, नेमकं तेच. आवाज पाण्यावरून पार पलीकडे गेला. सावळाराम धरणात मासे धरतो, त्याला वाटलं कोणी बुडतंय. त्याने दोन होड्या घातल्या आणि दिवस मावळेपर्यंत तुझं प्रेत शोधलं. मग ओल्या धोतराने आमच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. "भाऊ, तुमच्या भावाला म्हनावं, काय गायचं ते तिकडं गा. आमाला जत्रंच्या दिवशी पान्यात घालू नको." मी त्याला चहा पाजला. तुझ्या कीर्तीचा चहा नेहमी मीच पाजतो.

राग आला असेल तर येऊ दे. मलाही येतो. आबा गेले तेव्हा मी नारायणगावला जाऊन तुला तार केली. तुझं उत्तर आलं की प्रयोग टाळता येत नाही. नंतर तूच कौतुकाने पेपरातलं कात्रण पाठवलंस: त्या आठवड्यात तू कुणाच्या तरी बापाचं काम करत होतास, आणि मुलगी मेल्यावर असा रडलास की अख्खं थिएटर उभं राहिलं. इकडे आबांच्या तोंडात पाणी मी घातलं. उभं राहायला कोणी नव्हतं, सगळे बसले होते. कात्रण मी आईला दाखवलं नाही.

आईला मात्र दुसरंच लागलं. आमची हर्षाली जुन्नरला कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, इंग्रजी वाचते. तुझ्या कॅसेटींबरोबर येणारी पुस्तकं तिने आजीला वाचून दाखवली आणि तिथे घोटाळा झाला. एका नाटकात तुला सुरा, एकात तलवार, एकात विष. बारीक आवाजाचा माणूस असतो तो नायक, त्याला बायको मिळते. जाड आवाजाचा मरतो. आईने हातातलं निवडायचं सूप खाली ठेवलं. "ह्याला रोज मारत्यात?" हर्षाली म्हणाली, आठवड्यातून तीनदा. "आन् हा नाय म्हनत नाय?" मी समजावलं की ते खोटं असतं, खाली पडतो आणि उठतो. तर म्हणे, "पडताना त्याची आय जवळ असती का?" वर तू लिहिलंस की तिकडचे पेपरवाले म्हणतात, कुंडलिकसारखं मरणं कुणाला जमत नाही. हे तू आईला लिहिलंस, शहाण्या!

त्या दिवशी तिने कुलस्वामीला नवस बोलला: माझा कुंडलिक एका तरी नाटकात शेवटपर्यंत जगू दे, तोवर पायात चप्पल घालणार नाही. याला तीन वर्षं झाली. दिवाळीत तुझं पत्र आलं की ती उंबऱ्यात बसते आणि विचारते, औंदा जगला का? हर्षाली वाचते आणि मान हलवते. आई उठून अनवाणी रानात जाते, तोडलेल्या उसाच्या खोडक्यांतून. (देवाला फसवायचं नसतं म्हणून घरातही चप्पल नाही.) गावात कोणी हसत नाही, उलट बाया तिच्या पाया पडतात. यात माझं किती रक्त आटतं ते तुला कळायचं नाही, कळायचं कारणही नाही.

असो. तुला यायला सवड नसणार. आमचं तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. मोठा हो, मेडलं मिळव, मरत राहा.

तुझा थोरला भाऊ,
बहिरू

ता. क. – अडलेलं आहे. आईला साखर निघाली आहे. पायाच्या अंगठ्याची जखम दिवाळीपासून भरत नाही. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पायात चप्पल आणि रोज पट्टी, नाहीतर महिनाभरात अंगठा काढावा लागेल, मग पाऊल. पट्टी बांधू देते. चप्पल म्हटलं की तोंड फिरवते. तेव्हा दोन ओळी लिही, की नवीन नाटकात मी शेवटपर्यंत जगतो. खरं असलंच पाहिजे असं नाही. तुला खोटं करण्याची बक्षिसं मिळतात, एक आईसाठी कर. (फोन नको. दुकानातल्या फोनवर ती बोलत नाही, तुझं बिल वाढेल म्हणते.)

दुसरा ता. क. – एवढं तुझ्या पायाशी का यावं लागलं तेही सांगतो. मागच्या आठवड्यात असं पत्र मीच लिहिलं होतं. तुझ्या जुन्या पाकिटात घातलं आणि हर्षालीला वाचायला लावलं. जगलास, टाळ्या मिळाल्या, सगळं नीट चाललं होतं. आईने हात जोडले, मी कोपऱ्यातून चप्पल आणली. पण शेवटी मी एक ओळ घातली होती: आई, तुझा पाय कसा आहे? तिने चप्पल बाजूला सारली. म्हणाली, "हे कुंडलिकचं पत्र न्हाई." तेव्हा तू लिहिशील ते नेहमीसारखंच लिही. पायाचं विचारू नकोस.