साबण कुणी दिला

२ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं तर मला सगळ्याचा वीट आला आहे.

आमच्याकडे पुन्हा वर्षअखेरच्या भेटींचा घाट घातला आहे. दिवसभर आम्ही नऊ जण लोकांच्या तोंडाचे ठसे हातात घेऊन कवळ्या करतो, ती किळस पुरेशी नव्हती म्हणून हे. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, तीत ज्याचं नाव निघेल त्याला सुट्टीआधी भेट द्यायची. देणाऱ्याचं नाव गुप्त. मालक म्हणतात, भेट स्वस्तातली असावी पण विचार करून दिलेली असावी. स्वस्तातलं तेवढं सगळ्यांनी लक्षात ठेवलं आहे.

गेल्या वर्षी काय काय निघालं ते ऐक. अर्धी जळलेली मेणबत्ती. दुसऱ्याच कंपनीचं नाव छापलेला कप. तारीख उलटून गेलेली बिस्किटं, आणि ती ज्यांना मिळाली त्यांनी तिथेच फोडून सगळ्यांना वाटली. मला प्लास्टिकची फुलं मिळाली, त्यांच्या पाकळ्यांवर कुणाच्या तरी कपाटावरची धूळ तशीच होती. आणि पॉलिशवाल्या बाईंना मिळाला साबण. साबण, अंगाला लावायची पावडर आणि वर एक चिठ्ठी, की आम्हा सगळ्यांच्या वतीने. बाईंच्या अंगाला वास येतो असं सगळे पाठीमागे बोलतात. त्या दिवशी ते तोंडावर बोलल्यासारखं झालं. सगळे हसले. बाईंनी खोका नीट बंद केला, पिशवीत टाकला आणि उरलेला दिवस काम केलं.

त्यांना वाटतं, ते प्लास्टरवाल्या काकांनी दिलं. ते दोघे वर्षानुवर्षं एका टेबलावर डबा खायचे. तेव्हापासून बाई त्यांच्याशी शब्द बोलत नाहीत. काका या महिनाअखेर निवृत्त होत आहेत.

तुला तरी काही स्वस्त आणि बरं सुचतं का? लोभ आहेच, पण या महिन्यात थोडा जास्तीचा पाठव.
तुझी,
धाकटी


५ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राला नाक असतं तर ते वरपासून खालपर्यंत मुरडलेलं दिसलं असतं.

इकडे शाळेच्या गणवेशांची शिलाई संपत आली. तुझ्या भावोजींनी वर्तमानपत्रांचा ढीग आता पलंगाखालून पलंगाशेजारी आणला आहे. रद्दीत द्या म्हटलं की म्हणतात, वाचायचे राहिलेत. त्यातले काही आमच्या लग्नाआधीचे आहेत असा मला संशय आहे.

भेटीचं म्हणशील तर आमच्या शिवणाच्या खोलीतही असला प्रकार होतो. मी एकच करते. चिठ्ठीत नाव निघालं की आठ दिवस त्या माणसाकडे बघते. तो कशावर रागावतो, मोकळ्या वेळात हात कशाकडे जातो, काय जपून वापरतो. मग दुकानात जाते. आधी दुकानात गेलं की जे दुकानदाराला खपवायचं असतं तेच आपण घेऊन येतो.

नाव निघालं की कळव. आणि जेवण वेळेवर कर, किळस रिकाम्या पोटी जास्त येते.
माया आहेच, ती मागावी लागत नाही.
तुझी ताई


१० डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. चिठ्ठी उचलली. पॉलिशवाल्या बाई निघाल्या. आठ माणसांतून त्याच.

तू सांगितलंस तसं बघायला लागले, आणि बघावं तितकं नको वाटलं. मेणाच्या टेबलावर, जिथे मेणात दात बसवतात, एक बडबड्या आहे; बाई जवळून गेल्या की तो नाकाशी हात नेतो. त्याचा हात तसा गेला की बाकीचे खाली बघून हसतात. मालकांनी बाईंचं पॉलिशचं चाक कोपऱ्यात हलवलं आहे, जागा मोठी करायची म्हणून. मोठी केलेली जागा रिकामीच पडून आहे.

परवा बाई रजेवर होत्या. कवळ्या घासायला कुणी नव्हतं, मला बसवलं. चाकाखाली एक तबक असतं, त्यात ओली पूड असते. ती चाकावर लावून कवळी घासायची. पूड अंगावर, हातावर, मानेवर उडत राहते. ताई, त्या तबकातलं पाणी कधी बदललं होतं कुणास ठाऊक. वर कातडं धरलं होतं. पहिल्यांदा बोट घातलं तेव्हा मला खरोखर ओकारी आली. दुपारी मला एक घाण वास यायला लागला, मी इकडेतिकडे पाहिलं आणि कळलं की तो माझ्या बाहीतून येतो आहे. घरी जाताना बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. मी दोनदा आंघोळ केली, तरी नखांत राहिला.

म्हणजे बाईंच्या अंगाला वास येत नाही. आमच्या कामाचा वास येतो, आणि तो आम्ही त्यांच्या एकटीच्या अंगावर टाकला आहे. मालकांना सांगितलं तर म्हणाले की तबक बदलायची पद्धत नाही, इतकी वर्षं कुणी तक्रार केली नाही. मग मीच ते संडासात नेऊन ओतलं आणि घासलं.

मला वाटतं, बाईंना पूर्ण बाह्यांचा मेणकापडी झगा द्यावा. तू शिवून देशील का? माप पाठवते.
लोभ ठेव, नाक मात्र झाकून.
धाकटी


१३ डिसेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद. झगा शिवून देणार नाही. माप पाठवू नकोस.

गेल्या वर्षी त्या बाईला खोक्यातून सांगितलं की तू घाण आहेस. या वर्षी झगा दिलास तर तेच सांगशील, फक्त जास्त काळजीने. झगा मालकाने द्यायचा असतो, कामाचं सामान म्हणून, आणि तो तू भांडून मिळव. भेट वेगळी. भेट म्हणजे कुणाच्या उणेपणावर बोट ठेवणं नव्हे. बाईंना आवडतं काय ते सांग. तुझ्या अख्ख्या पत्रात त्यांचं नाक, बाही, वास आहे, बाई कुठेच नाही.

दुसरं. तू मागे लिहिलं होतंस की प्लास्टरवाले काका नव्या माणसाला पहिला ठसा स्वतः ओतून दाखवतात आणि तो बिघडला तर आपल्या नावावर घेतात. तू नवीन होतीस तेव्हा तुझे चार बिघडलेले त्यांनी असेच घेतले. असा माणूस बरोबर जेवणाऱ्या बाईला साबण देईल, हे मला पटत नाही. तुला पटतं का? तुझ्या दोन्ही पत्रांत, सगळ्यांना वाटतं, बाईंना वाटतं, असं आहे. तुला काय वाटतं ते नाही. तू सगळ्यांची नावं घेऊन त्यांच्यावर थुंकलीस, पण साबण कुणी दिला एवढं लिहिलं नाहीस.

मी गणवेश शिवते, धाकटे. कापड कुठे कमी पडलं ते मला लांबून दिसतं.
उत्तर लवकर दे.
ताई


१६ डिसेंबर

ताई,
नमस्कार.

साबण मी दिला.

गेल्या वर्षी मला इथे कामाला लागून चार महिने झाले होते. मी काकांजवळ बसायचे, पण मला मेणाच्या टेबलावर बसायचं होतं. तिथे हसणं चालायचं. चिठ्ठीत बाईंचं नाव निघालं तेव्हा बडबड्याने ते माझ्या हातात वाचलं आणि म्हणाला की मग तर सोपं आहे. बाकीचं त्याला सांगावं लागलं नाही, मलाच सुचलं. दुकानात साबण निवडताना मी वास घेऊन निवडला. 'आम्हा सगळ्यांच्या वतीने' हे वाक्यही माझंच. बाईंनी खोका उघडला तेव्हा सर्वांत आधी कोण हसलं विचारशील, तर मीच. दुसऱ्या दिवशी मला मेणाच्या टेबलावर जागा मिळाली.

खोका मी काकांच्या टेबलावरच्या कागदात बांधला होता, कारण तो हाताशी होता. त्यावर प्लास्टरची पांढरी बोटं उमटली होती. बाईंनी ती बोटं पाहिली. त्यांनी काकांकडे पाहिलं तेही मी पाहिलं. तेव्हा बोलायला हवं होतं. काकांनी त्यांना दोनदा विचारलं, की माझं काय चुकलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी शेजारीच ठसा न्यायला आले होते. नंतर त्यांनी विचारणं सोडलं. ते आता खिडकीकडे तोंड करून एकटे खातात.

तुला वर्षभर मी या लोकांची किळस येते म्हणून लिहिते आहे. येतेच. पण मेणाच्या टेबलावर बसले की पहिली किळस मला माझ्याच हातांची येते.

तू बाईंना काय आवडतं विचारलंस. त्या जेवताना शब्दकोडं सोडवतात. डब्याखाली जे जुनं वर्तमानपत्र असेल त्यातलं. पेन्सिल इतकी छोटी झाली आहे की चिमटीत धरावी लागते. कुठे अडल्या तर पूर्वी काकांना विचारायच्या. आता ती घरं रिकामी सोडतात.
धाकटी


१८ डिसेंबर

धाकटे,
पत्र वाचून मी ते बाजूला ठेवलं आणि शिवायला बसले. दोन सदरे उलटे शिवले. आई असती तर तिला हे सांगायची माझी हिंमत झाली नसती. तू मला चांगली वाटत होतीस, आणि ते वाटणं माझं होतं, त्यात तुझा दोष नाही, असं म्हणावं लागेल.

आता पुढचं. सोबत कोडी पाठवते आहे. भावोजींना मी सगळं सांगितलं नाही, फक्त एका बाईंना हवीत म्हणून सांगितलं, तर त्यांनी स्वतःच ढीग उपसला. अर्ध्यांत त्यांनी उत्तरं भरून ठेवली होती आणि त्यांतलीही अर्धी चुकीची. कोरी साठ निघाली. मी ती वहीत चिकटवून वही शिवली आहे, म्हणजे सपाट उघडी राहील. उत्तरं शेवटी वेगळ्या पाकिटात आहेत. दोन लांब पेन्सिली तू विकत घे.

वही दिलीस म्हणजे फिटलं, असं समजू नकोस. ही भेट आहे, भरपाई नाही. बोलणं वेगळं करावं लागेल, आणि काका तिथे असताना. ते गेल्यावर बोललीस तर तुझं मन हलकं होईल, त्यांचं काय?
ताई


२९ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. काल भेटी झाल्या. सविस्तर लिहिते.

मालकांनी पुन्हा तेच भाषण केलं, की आपण एक कुटुंब आहोत. मग खोके फुटले. बडबड्याला कुणीतरी वापरलेला वस्तरा दिला, त्याने तो हसत सगळ्यांना दाखवला आणि खिशात टाकताना त्याचं तोंड उतरलं. काकांना मिळाला मोजा, एकच. दुसरा पुढच्या वर्षी, असं त्यावर लिहिलं होतं. ज्या माणसाला पुढचं वर्षच नव्हतं त्याला. काकांनी तो घडी करून ठेवला.

बाईंनी त्यांचं पुडकं उघडायला नकार दिला. म्हणाल्या, घरी उघडेन. मालक म्हणाले की नियम आहे. त्यांनी दोन बोटांनी कागद काढला, आपण कुजलेलं काही उचलतो तसा. वही बघून त्या थांबल्या. पान उलटलं, आणखी एक उलटलं. कुणी हसलं नाही, कारण हसण्यासारखं काही सापडेना.

मी उठले. मी म्हणाले, "ही वही मी दिली. गेल्या वर्षीचा साबणही मीच दिला होता. कागद काकांच्या टेबलावरचा घेतला होता. त्यांना काहीच माहीत नव्हतं. आणि तो वास तबकातल्या पाण्याचा आहे, मी तिथे एक दिवस बसले तर माझ्याही अंगाला आला."

मालकांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच. बडबड्या म्हणाला की एवढं काय मनावर घ्यायचं, आणि मी त्याला सांगितलं की 'सगळ्यांच्या वतीने' हे मी खोटं लिहिलं नव्हतं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. राग नव्हता, ताई. नळातून अचानक गढूळ पाणी आलं की आपण जसं बघतो, तसं. मी त्यांची क्षमा मागितली, काकांचीही मागितली. काका बाईंकडे बघत होते. बाईंनी वही टेबलावर ठेवली, आपलं स्टूल उचललं, आणि ते सगळ्यांच्या मधून नेऊन काकांच्या टेबलाशी ठेवलं. काकांनी प्लास्टरची भांडी सरकवली. दोघांनी डबे काढले. काकांच्या डब्याचं झाकण बाईंनी काढून दिलं.

काकांचे अजून दोन दिवस आहेत. एका वर्षाच्या बदल्यात दोन दिवस.

वही संध्याकाळपर्यंत तिथेच पडून होती. आज सकाळी नव्हती. कुणी नेली ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. बाई माझ्याशी बोलत नाहीत. मी मेणाच्या टेबलावरून उठून आले आहे. तिथल्यांनाही मी नको आहे आणि त्याचं वाईट वाटत नाही. तबकाचं मालकांना पुन्हा सांगितलं, झग्याचंही. ते म्हणाले बघू. मी रोज विचारणार आहे.

खाली नेहमीसारखं लोभ असावा असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. असेल तर कळव. नसेल तर तेही कळव, पण पत्र लिही.
तुझी,
धाकटी