उरलेला बोंबील

डहाणू, १५ नोव्हेंबर २०२५

प्रिय मितेश,

महिनाभर उत्तर दिलं नाही, माफ कर. तुझी गणिताची सिद्धता आली त्याच आठवड्यात मी तपासली. तिच्यात चूक आहे. प्रत्येक संख्येची जोडी लागतेच, असं तू धरून चाललास. एका संख्येची लागत नाही.

आज आईबरोबर बोंबील वाळत घालत होते. जबड्यात जबडा अडकवून जोड्या दोरीवर टाकल्या. शेवटी एक उरला. आई म्हणाली, "हा कालवणात जाऊ दे. मितेश इथे असता तर म्हणाला असता, टाका गं दोरीवर, मिळेल जोडी!" ती हसत सुटली. मला हसता आलं नाही.

वेळीच का कळवलं नाही, ते लिहिते. संशोधन मी सोडलं, तू टिकवलंस. चूक सापडली तेव्हा मला थोडा आनंद झाला. तो ओसरला की कळवू, असं ठरवलं. अजून पुरता ओसरलेला नाही. पण सोमवारी तू विद्यापीठात ही सिद्धता मांडायला सगळ्यांसमोर उभा राहणार आहेस.

हे पत्र पाठवणार नाही. माझ्या आनंदाबद्दल तुला कळायची गरज नाही, चुकीबद्दल आहे.

तुझी ताई,
रुपल

उद्या सकाळी: मितेशला फोन करणे.