ओंडक्यांवरून गेलेली कचेरी

ग्रँड प्रॉस्पेक्ट, हॉलिस काउंटी, कॅन्सस
३ सप्टेंबर १८७४

आदरणीय ॲन्सेलदादा यांस,

लेम्युएलचा ओहायोच्या दिशेने नमस्कार. तुमच्या अंगठ्याची सूज उतरली असेल, मर्सीवहिनींचा खोकला थांबला असेल आणि डुकरं धष्टपुष्ट असतील अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायला बसलो होतो, पण ते खोटं ठरेल. आमची काउंटीची कचेरी चोरीला गेली.

कागद नव्हेत, दौत नव्हे; अख्खी इमारत, छपरासकट. रविवारी सगळं गाव प्रार्थनेला बसलं होतं. पाद्रीबुवा सहनशीलतेवर बोलत होते (दोन तास झाले होते, म्हणजे विषय आम्हाला समजला होता). तेवढ्यात सॉल्ट फोर्डचे हरामखोर बैलांच्या सोळा जोड्या घेऊन आले, कचेरीखाली ओंडके सरकवले आणि ती नऊ मैल ओढत आपल्या गावी घेऊन गेले. बैल हाकल्याचं आम्ही ऐकत होतो, पण प्रार्थनेतून उठायचं कसं? देवाच्या दिवशी दरोडा घालणाऱ्यांना माणूस म्हणायचं का? (मे महिन्यात आम्ही ती त्यांच्याकडून ओढून आणली तेव्हा निदान बुधवार होता.)

जिथे कचेरी तेच काउंटीचं मुख्य गाव, हे इथे शेंबडं पोरही जाणतं. तीन वर्षांपूर्वी आम्ही नुसत्या गवतात ही काउंटी उभी केली. विहिरीआधी मुख्य गावाचा मान मागितला (विहिरीला अजून पाणी नाही). आता कचेरी गेली, म्हणजे तिच्यामागे दुकान जाणार, दुकानामागे रेल्वे, आणि गावात कोल्हे राहायला येणार.

त्यात माझी ड्रुसिला. ती प्रार्थनेला दांडी मारून कचेरीत पडदे लावत बसली होती, ती कचेरीबरोबरच गेली. संध्याकाळी त्यांच्याच गाडीतून परत आली आणि म्हणते काय, "अहो, त्यांच्या विहिरीचं पाणी किती गोड आहे!" मी ओरडलो, "अगं, तुला पळवून नेलं होतं!" तर म्हणते, "हो, पण वेळेवर जेवायला घातलं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

सोमवारी घोडा काढून तडक सॉल्ट फोर्ड गाठलं. त्यांचा पुढारी कर्नल टरबॉक्स (कुठल्या पलटणीत होता देव जाणे) आमच्याच कचेरीच्या पायरीवर बसून कलिंगड खात होता. बिया थुंकत म्हणाला, "तुमची वस्ती जास्त म्हणून मुख्य गाव मागता ना? काउंटी झाली तेव्हा तू यादीत तीनशे दोन रहिवासी लिहिलेस. मी मोजले. त्रेसष्ट माणसं निघाली, आणि एक शेळी."

माझी यादी खोटी! दादा, ती यादी मी बायबलवर हात ठेवून केली आहे (एक हात, दुसऱ्याने लिहीत होतो). आता पंचवीस तारखेला न्यायाधीश दोन्ही गावांची डोकी मोजायला येणार आहे. ज्यांची डोकी जास्त, त्यांची कचेरी. मोजू दे! सत्याला मरण नाही.

तुमचा धाकटा भाऊ,
लेम्युएल स्ट्राउड

ता. क. यादीत तुम्ही दोघं आहात. मुलं नऊ लिहिली आहेत, तेव्हा पाच घरची आणि चार शेजारची घेऊन वीस तारखेच्या आत या. स्वर्गवासी बाबांचंही नाव आहे. त्यांना येणं जमणार नाही, म्हणून तुम्ही दुसरी टोपी घालून दोनदा उभे राहा.

ता. क. दुसरा. ड्रुसिला काल ट्रंक घेऊन सॉल्ट फोर्डला राहायला गेली. तिकडे मोजणीत उभी राहणार म्हणे. मर्सीवहिनींनी तिला चार समजुतीच्या ओळी लिहाव्यात. माझं ती ऐकत नाही, आणि घर खायला उठतं. यादीतून तिचं नाव मी खोडलेलं नाही. तीनशे दोनांत ज्यांना मी खरोखर ओळखतो, त्यांत ती पहिली.