भैरोबाची कळी आणि माझं डोकं

९ फेब्रुवारी
डोकं माझं, आणि विचारलं कुणाला? भैरोबाला!

गेल्या महिन्यात इंदापूरच्या बाजारात स्कूटीवरून पडले म्हणून एमआरआय काढला. मार काहीच नव्हता. पण मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा दिसला, छोटा. बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. तिथले म्हणाले, "फुटेलच असं नाही. पण फुटला तर वेळ मिळत नाही. आतून बारीक जाळीची नळी बसवू. रक्त सरळ पुढं जाईल, फुगा हळूहळू सुकेल. त्यातही थोडा धोका आहेच. तुम्ही ठरवा, रोहिणीताई."

तुम्ही! घरी पळसदेवला येईपर्यंत तो शब्द सगळे विसरले.

सासूबाई एकट्याच देवळात गेल्या, कौल लावला. देवाच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायच्या — उजवी पडली तर होकार, डावी तर नकार. येऊन म्हणाल्या, "डावी पडली. देव न्हाय म्हनतोय." की हे लगेच, "मग ऱ्हाऊ दे!"

१२ फेब्रुवारी
पेरूचं क्रेट उचललं तर हे ओरडले, "ठेव खाली! फुटंल!"

म्हटलं, "एवढी काळजी हाय तर पुण्याला चला." क्रेट उचलून हेच चालते झाले. उन्हाळ्यात ठिबकची नळी फुगली तर त्याच दिवशी बदलली. तेव्हा नाही लावला कौल!

१३ फेब्रुवारी
शिंकायचीही चोरी.

१८ फेब्रुवारी
श्रेयाचा बारामतीहून फोन. "आई, तू सरळ जाऊन सही कर. आजीची कळी डॉक्टर आहे का?" पोरीला तरी अक्कल आहे. सासूबाईंना ऐकवलं, तर डोळ्याला पदर. रडायचं ह्यांनी, आणि फुगा माझ्या डोक्यात! दिवसभर भांडी आपटली.

२२ फेब्रुवारी
आज गप्प बसले नाही. "तुमच्या त्या कळीपायी मी मेले तर?"

सासूबाई म्हणाल्या, "उजवीच पडली व्हती गं. मीच खोटं बोलले. माझी बनी आशीच चालत गेली व्हती दवाखान्यात. परत न्हाय आली."

बनी म्हणजे माझी नणंद. मी या घरात यायच्या आधीच गेलेली. हे दारातच उभे होते, सगळं ऐकलं. म्हणाले, "उद्याच जाऊ पुण्याला."

२३ फेब्रुवारी
पिशवी भरली. हे गाडी पुसतायत. सासूबाईंना म्हटलं, तुम्हीही चला, माझ्याशेजारी बसा.

"डावी पडली" म्हणाल्या तेव्हा मला आतून केवढं हायसं वाटलं होतं! आता रागवायला कुणीच उरलं नाही. फार भीती वाटतेय.