कच्चं सूत

आई, मला तुझ्या चेहऱ्यापेक्षा तुझी मनगटं जास्त आठवतात. चेहरा बहुतेक वेळा भिंतीकडेच असायचा. बाबा हातमागाच्या खांबाला सुतानं तुझे हात बांधायचे आणि हातातल्या धोट्यानं, त्याच लोखंडी टोकाच्या धोट्यानं ज्यानं आपण लुगडी विणायचो, पाठीवर मारायचे. मी कोपऱ्यात धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसलेली असायची. "हात तरी सोडा नं," एवढंच तू म्हणायचीस. मारू नका, असं कधीच म्हणाली नाहीस, आणि त्याचा मला आजही संताप येतो. बाबांचं उत्तर ठरलेलं. "माह्या आजीनं नवऱ्याचं डोस्कं फोडलं अन् गेली काळ्या पाण्यावर. तवापासून या घरात बायकोचे हात बांधून ठेवतेत!"

त्यांची आजी, म्हणजे माझी पणजी. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या त्या घरात नवी सून आली की सासूनं तिचे हात मागाला बांधायचे, तळव्यांवर धोट्याचा एकेक फटका द्यायचा, आणि सुनेनं म्हणायचं, "हात उचलणार नाही." तुलाही तुझ्या सासूनं बांधलं होतं. बाकीच्यांचं एका दिवसात उरकायचं, बाबांनी ते रोजचं करून टाकलं. तू गेलीस तेव्हाही तुझ्या मनगटात सूत होतं. बाबांनी ते कापलं आणि मागाखालच्या खड्ड्यात पडली म्हणून गावभर सांगितलं. शेजारणी म्हणाल्या, सवाष्ण गेली, नशिबाची! डोंबलाचं नशीब!

मग धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, लग्न केलं नव्हतं, करणारही नव्हते. बाबा म्हणाले, "त्याची माय नाही. सुनेचे हात तुलेच बांधा लागन." मी म्हटलं, बांधीन, पण जिच्या पापापायी बांधायचे तिचं काय झालं ते आधी बघून येते. ते हसले. आणीबाणीचा उन्हाळा होता. सुट्टी लागली तशी मी कलकत्त्याला गेले आणि अंदमानच्या जहाजात बसले. वाटभर ओकत होते. पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जो भेटेल त्याला विचारत सुटले, नागपूरची विणकरीण कोणाच्या घरात होती का? लोकांना वाटलं, बाई खुळी आहे. शेवटी एका भाजीवालीनं मला एका म्हातारीच्या दारात नेऊन उभं केलं. कैद सरल्यावर पणजीनं तिथंच दुसऱ्या कैद्याशी संसार मांडला होता, आणि ही तिची नात.

म्हातारीनं आधी मला चहा दिला. मग आपल्या मनगटाभोवती बोट फिरवत म्हणाली, "नानी के हाथ पे ऐसे निशान थे. पूरे गोल. शादी के दिन सास ने करघे से बाँधा था."

शादी के दिन! आई, ऐकलंस का? लग्नाच्याच दिवशी, सासूनं, मागाला! खून झाला म्हणून हात बांधायला लागले नव्हते. हात बांधले म्हणून खून झाला होता. एवढी वर्षं ही माणसं आपल्याला उलटं सांगत होती.

म्हातारी सांगत गेली, नवरा पणजीला रोज बांधायचा, आणि बांधायचं सूत तिलाच आणायला लावायचा. त्या दिवशी तिनं खळ न लावलेलं कच्चं सूत आणून दिलं. असं सूत झटक्यानं तुटतं, हे विणकराला कोणी सांगायला नको, पण तो प्यालेला होता. तिनं झटका दिला, त्याच्याच हातातला धोटा हिसकावला आणि त्याच्या कानशिलात घातला. तो पडला तरी ती थांबली नाही. न्यायाधीशानं विचारलं, पश्चात्ताप होतो का? "नानी बोली, होता है. सूत पहले दिन ही बदलना था."

लग्नाच्या दिवशी नव्या सुनेचे हात मीच बांधले. बाबा पुढ्यात बसलेले, धोटा मांडीवर. पोरगी त्या धोट्याकडेच बघत होती. मी तिच्या कानाशी वाकले. "भेऊ नको वं. सूत कच्चं हाय. दे झटका." तिनं दिला. सगळ्या वऱ्हाडासमोर सूत तुटून खाली पडलं. बाबा धोटा उगारून तिच्या अंगावर धावले, तेव्हा मी त्यांचा हात असा पिरगाळला की आतून कट्कन आवाज आला. मला बरं वाटलं. त्यानंतर त्या घरात कोणाचे हात बांधले नाहीत.

हे तुला कुठल्या पत्त्यावर धाडू? लिहून झालं की चुलीत घालीन. बाबांना आता लकवा झालाय. मी दोन्ही वेळा भरवते, सुनेला भरवू देत नाही. लोक म्हणतात, पोरगी असावी तर अशी. तो धोटा मी त्यांच्या खाटेसमोर खिळ्याला टांगलाय. घास देण्याआधी मी एकदा तिकडे बघते, मग तेही बघतात आणि मुकाट्यानं तोंड उघडतात. मला ते फार आवडतं, आई.